कषाय रसाचे वार्धक्य : एका जुन्या बोर्दो मद्याचे परीक्षण

द्राक्षासवाची बाटली ज्या घराच्या फडताळात कधीच आली नाही असे घर आमच्या वाचकवर्गात विरळाच असेल. दुखण्यातून उठलेल्या माणसाला अन्नावर वासना यावी म्हणून वैद्याने सांगितलेला तो काळसर, गोडसर, किंचित झणका देणारा द्रव आपण औषध म्हणून घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मनुकांचा काढा, गूळ व धायटीची फुले भांड्यात घालून तोंड लिंपून ठेवले म्हणजे आतल्या अंधारात जे घडते, तेच बोर्दोच्या पिंपांतूनही घडते. तेथे गूळ नाही आणि धायटी नाही, द्राक्षाची स्वतःची साखर आणि किण्व यांवर काम भागते, एवढाच काय तो फरक. आसव जितके जुने तितके गुणकारी, ही तर आपल्या वैद्यांची पूर्वापार धारणा. तेव्हा द्राक्षाचा रस मुरतो, मुरता मुरता त्याचा स्वभाव पालटतो आणि त्या पालटाला काही मोल असते, हा विचार आपणांस परका नाही. परका आहे तो त्या पालटाची पारख करून ती शब्दांत मांडण्याचा उद्योग.

हा लेख मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठी लिहिलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. ज्या घरी मद्य वर्ज्य आहे त्या घराच्या नियमाविषयी आम्हांस आदर आहे. ‘सोरो’ हा कोंकणी शब्द कानांवर पडताच गोव्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जे मोडलेले संसार उभे राहतात, तेही आम्ही पाहिलेले आहेत. परंतु पिणारा आणि पारखणारा हे दोन निराळे प्राणी आहेत. बोर्दोत व्यवसायाने मद्य पारखणारा मनुष्य एका सकाळी कित्येक पेले जिभेवर घेतो आणि प्रत्येक घोट शेजारच्या पिकदाणीत टाकून देतो. दुपारी तो शुद्धीवर नसेल तर त्याचा धंदाच बुडावयाचा. त्याला हवी असते ती केवळ जिभेवरची खूण. ती खूण भाषेत कशी धरावी, हा प्रश्न शुद्ध टीकेचा आहे, आणि म्हणूनच तो या पानांत मांडावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

परीक्षणासाठी आमच्यापुढे आलेले मद्य फ्रॉन्साक येथील, १९९८ सालचे. बोर्दो शहराच्या पूर्वेस तीसेक किलोमीटरांवर लिबूर्न नावाचे नदीकाठचे गाव आहे. तेथे ईल नदी दोर्दोन्यला मिळते. त्या संगमाच्या पलीकडच्या अंगास फ्रॉन्साकची टेकडी उभी आहे. शार्लमेनने ७६९ साली या टेकडीवर गढी बांधली असे सांगतात. गढीचे आज काही उरलेले नाही. द्राक्षवेली मात्र आहेत. माथ्यावर चुनखडीचा थर आहे, आणि त्यात प्राचीन समुद्रातील तारामाशांचे अवशेष सापडतात म्हणून तिकडचे लोक त्याला तारामाशांची चुनखडी असेच म्हणतात. उतारावर चिकणमाती व वाळू मिसळलेला मऊ खडक लागतो. पाणी धरून ठेवणारी ही जमीन मेर्लो जातीच्या द्राक्षाला फार मानवते.

अठराव्या शतकात फ्रॉन्साकचे मद्य शेजारच्या सेंतेमिलियोंहून वरचढ मानले जात असे. पुढे काय झाले ते मद्याच्या इतिहासापेक्षा दलालीच्या इतिहासात शोधावे लागते. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी जी प्रतवारी लावली तीत तांबड्या मद्यांच्या पाच पायऱ्या होत्या. त्या पायऱ्या जिभेने लावलेल्या नव्हत्या, बाजारभावाने लावलेल्या होत्या. आणि ग्राव्हमधील एक ओ-ब्रियों सोडले तर त्यांवर सगळे मेदॉकचेच मळे जाऊन बसले. दोर्दोन्यच्या काठच्या एकालाही तेथे जागा मिळाली नाही. सेंतेमिलियोंने १९५५ साली आपली स्वतंत्र प्रतवारी करून घेतली. फ्रॉन्साकला तेही जमले नाही. ज्या सभेत मानाची आसने एकदाच आणि फार पूर्वी मांडली गेली, तिच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखे हे गाव आहे.

मळा एका कुटुंबाचा, आठ हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस एकरांच्या आतबाहेर. बाटलीवर ‘शातो’ असे छापलेले आहे. पण त्यावरून राजवाड्याची कल्पना कोणी करू नये. दुमजली शेतघर, बाजूस अवजारांची पडवी आणि खाली खडकात खोदलेले तळघर, एवढाच तो प्रकार. १९५६ च्या फेब्रुवारीत या भागावर हिमाची भयंकर आपत्ती आली. जानेवारी उबदार गेल्यामुळे वेलींत रस चढू लागला होता, आणि त्यावर कडाक्याची थंडी कोसळली. उजव्या तीरावरचे मळेच्या मळे मुळांपर्यंत मेले. या कुटुंबातील आजोबांनी नंतर पुन्हा लागवड केली, चार भाग मेर्लो आणि एक भाग काबेर्ने फ्रां. या दुसऱ्या द्राक्षाला तिकडचे शेतकरी ‘बुशे’ म्हणतात. म्हणजे १९९८ चे मद्य ज्या वेलींचे, त्या तेव्हा चाळिशीच्या घरात होत्या. ते सालही उजव्या तीरावर प्रसन्न झालेले साल होते. मेर्लो लवकर पिकते. सप्टेंबरअखेरच्या पावसापूर्वी ते खुडून झाले. मेदॉकमधील उशिरा पिकणारी काबेर्ने सोव्हिन्यों मात्र त्या पावसात सापडली. प्रतवारीच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसलेल्यांनाही आकाशाने त्या वर्षी मोठीशी सवलत दिली नाही.

आता मद्याकडे वळू.

बाटली दोन दिवस आधीपासून उभी करून ठेवलेली होती. सत्तावीस वर्षांत तळाशी गाळ साचतो, आणि आडव्या बाटलीतून तो सबंध मद्यात मिसळतो. बूच अर्ध्यावर भिजलेले, पण सुटताना तुटले नाही. मानेमागे मेणबत्ती धरून मद्य सावकाश काचेच्या सुरईत ओतले. गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली तेव्हा ओतणे थांबविले. हा गाळ म्हणजे घाण नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेले टॅनिन व सालीतले रंगद्रव्य बुचातून आत झिरपणाऱ्या अत्यल्प हवेच्या साह्याने वर्षानुवर्षे एकमेकांशी जोडले जातात, जड होतात आणि त्यांतील काही भाग खाली बसतो. म्हणून जुन्या मद्याचा रंग फिका आणि तुरटपणा सौम्य. जे वर कमी झाले ते तळाशी दिसते.

पेल्यातला रंग मध्यभागी डाळिंबी आणि कडेला विटकरी होता. कडेचा विटकरी पट्टा चांगला बोटभर रुंद. पहिली पाच मिनिटे वास असा काही आलाच नाही, बंद खोलीचा थोडा कोंदटपणा तेवढा जाणवला. मग तो कोंदटपणा गेला आणि एकामागून एक पदर सुटू लागले. प्रथम वाळलेले अंजीर व सुकी बोरे. त्यामागून देवदाराच्या लाकडाचा, जुन्या पेटीचे झाकण उघडावे तसा, कोरडा सुवास. त्यातच किंचित तपकीर. सर्वांत शेवटी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, ओल्या पाचोळ्याचा आणि अळंब्यांचा गंध. फ्रेंच परीक्षक येथे त्रुफ नावाच्या जमिनीखालील कंदासारख्या अळंबीचे नाव घेतात. ज्याने ती कधी पाहिली नाही त्याने ते नाव का उसने घ्यावे? श्रावणात वारुळांवर उगवणारी, गोव्यात जिला अळमी म्हणतात आणि जिच्यासाठी बाजारात झुंबड उडते, ती टोपलीतून घरी आणली म्हणजे स्वयंपाकघरात जो मातकट, दाट, किंचित मांसल वास भरतो, तो या पेल्यात होता. हुबेहूब तोच होता असे आम्ही म्हणत नाही. त्या कुळातला होता.

जिभेवर पहिली येते ती आंबटाई, पण भिजवलेल्या आमसुलाची, कैरीची नव्हे. गोडी नाहीच, साखर सगळी १९९८ च्या शरदातच किण्वाने संपविलेली. मधला भाग आम्हांस पोकळ वाटला. तरुण मद्यात तेथे ताज्या फळाचा गर असतो. येथे तो गेला आहे आणि त्याची जागा कशानेच घेतलेली नाही. हा या मद्याचा उघड दोष. अव्वल दर्जाचे जुने मद्य ही जागा रिकामी ठेवीत नाही. मग सावकाश, गालांच्या आतल्या अंगाने, कषाय रस येतो. आणि याच रसासाठी हा लेख लिहिण्याचे प्रयोजन.

काजूचे बोंड ज्याने दातांनी चावले आहे त्याला कषाय समजावून सांगावयास नको. रस गोड, पण मागाहून घसा असा धरला जातो की बोलणे सुचू नये. तरुण बोर्दो थेट त्या बोंडाच्या जातीचे असते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडे पडते, अशी त्याची शास्त्रीय उपपत्ती आहे. यावरून पाश्चात्त्य परीक्षक तुरटपणाला चव मानीतच नाहीत, स्पर्श मानतात. आणि स्पर्श मानल्यामुळे त्यांची सारी भाषा कापडाच्या दुकानातून येते: हे मद्य रेशमी, ते मखमली, ते खरखरीत. आपल्या शास्त्राने मात्र मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त यांच्या पंक्तीस कषायाला सहावा रस म्हणून बसविले. चरकाला स्पर्श कळला नव्हता असे नाही. जीभ जड होणे, कंठ आवळल्यासारखा होणे हीच लक्षणे त्यानेही सांगितली आहेत. तरीही त्याने त्याला रस म्हटले. शरीरशास्त्राच्या न्यायासनापुढे त्याचा दावा टिकेल की नाही हे आम्हांस ठरवावयाचे नाही. टीकाकाराच्या दृष्टीने मात्र त्याचा निवाडा अधिक उपयोगी आहे, हे आम्ही नि:शंक म्हणतो. कापड फार तर मऊ किंवा खरखरीत असते. रसाला बालपण असते, तारुण्य असते आणि वार्धक्यही असते.

ही वये ओळखण्याची सवय आपल्याकडे सुपारीने लावून ठेवलेली आहे. कच्ची सुपारी जीभ बधिर करते. वाळलेला रोठा कडक, पण सरळ बोलतो. आणि उकडून काढलेली चिकणी सुपारी तोंडात असते तेव्हा तिचा तुरटपणा संपलेला नसतो, तो फक्त भांडत नाही. तबकातला विडा लावणारी आजी या तिन्हींतला भेद डोळे मिटून सांगेल, आणि तिला कोणी चव-परीक्षक म्हणत नाही. आमच्यापुढचे मद्य चिकणीच्या अवस्थेत होते. घोट गिळल्यावर गालांच्या आत कषाय हलकेच पसरला, दाटला आणि मग मागे सरला. त्याच्याबरोबर देवदाराचा वास नाकाच्या मागल्या दाराने पुन्हा आला. तो किती वेळ टिकतो हे मोजण्याचे एक माप फ्रेंचांनी केलेले आहे. एका सेकंदाला ते एक ‘कोदाली’ म्हणतात. आम्ही दहापर्यंत मोजले. फार थोर म्हणून गाजलेली मद्ये याच्या कितीतरी पुढे जातात असे जाणकार सांगतात. पण दहा कोदाल्या हे लहान मळ्याच्या सत्तावीस वर्षांच्या मद्याला लाजिरवाणे खास नाही. अगदी अखेरीस थोडा कोरडेपणा उरतो. तेथे कषायाचा हात किंचित सुटलेला आहे.

एवढे लिहिल्यावर एक शंका आम्ही स्वतःच घेतो. आम्ही बाटली पाहिली होती, साल वाचले होते, कुटुंबाची हकीकत ऐकली होती. मग जिभेने जे सांगितले त्यात किती जिभेचे आणि किती कानाचे? ही शंका पोकळ नाही. २००१ साली मोरो, ब्रोशे व द्युबूर्दिये या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोर्दोतील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी एक पांढरे मद्य दिले आणि नंतर तेच मद्य गंधहीन तांबडा रंग घालून दिले. पहिल्या पेल्याला ज्यांनी पांढऱ्या मद्याचे शब्द लावले होते, त्यांनीच दुसऱ्या पेल्याला तांबड्या मद्याचे शब्द लावले. या प्रयोगाचा दाखला देऊन मद्यपरीक्षा म्हणजे निव्वळ ढोंग, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तसे वाटत नाही. विद्यार्थ्यांची जीभ खोटी नव्हती. त्यांच्याजवळ तयार शब्दांच्या दोन पेट्या होत्या, एक पांढरी आणि एक तांबडी, आणि डोळ्याने जी पेटी दाखविली ती त्यांनी उघडली. बोर्दोवर लिहिलेल्या परीक्षणांतून काळ्या बेदाण्याचे फळ, चिरुटाची पेटी, पेन्सिलीचे शिसे हे शब्द इतक्या नेमाने येतात की ते पेल्यातून आले की मागच्या परीक्षणातून, हे कळेनासे होते. एमिल पेनो या बोर्दोच्या थोर मद्यशास्त्रज्ञाने चवीवर सबंध ग्रंथ लिहिला, तो १९८० साली निघाला. शब्दांविषयी तोही सावधच असे. आमच्यापाशी ती पेटी नाही, हा आमचा तोटा आहे तसाच थोडा लाभही आहे. अळमी, आमसूल, चिकणी हे शब्द आम्हांस दुसऱ्याच्या परीक्षणात वाचून मिळालेले नाहीत.

गुणांक देण्याची पद्धत तर आम्ही मुळीच पाळीत नाही. अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर या समीक्षकाने शंभरांपैकी गुण देण्याची चाल लोकप्रिय केली आणि १९८२ च्या बोर्दोची वाखाणणी करून मोठे नाव मिळविले. २०१९ साली तो निवृत्त झाला, पण आकडे राहिले. या गुणांकांच्या मागे धावताना नव्वदीच्या दशकात उजव्या तीरावरील कित्येक मळ्यांनी सालींतून होईल तितके टॅनिन पिळून काढले आणि मद्य नव्याकोऱ्या ओकच्या पिंपांत मुरविले, अशी टीका तेव्हापासून होत आलेली आहे. तरुणपणी अशी मद्ये भरदार लागतात. त्यांचा कषाय मात्र अर्धा लाकडाचा असतो, आणि लाकडाचा कषाय चिकणी होत नाही, तो सुकतो. आमच्या कुटुंबाने ती वाट धरली नाही. तत्त्वासाठी धरली नाही असे म्हणवत नाही. २२५ लिटरांचे नवे पिंप दरवर्षी घेण्याची त्यांची ऐपत नव्हती, हे त्यांनी हसत सांगितले. जुनीच पिंपे धुऊन वापरली. गरिबीने केलेली ही निवड सत्तावीस वर्षांनी पेल्यात शहाणपणासारखी दिसते, यात मद्याचे श्रेय किती आणि दैवाचे किती, हे वाचकांनी ठरवावे.

आमचा अभिप्राय असा की हे थोर मद्य नव्हे. मध्यभागाची पोकळी आणि शेवटचा कोरडेपणा हे दोष आदराने झाकून ठेवण्याजोगे नाहीत. सुरईत तासभर राहिल्यावर ते मावळूही लागले. अंजीर गेले, पाचोळा राहिला. परंतु ज्या एका गोष्टीसाठी जुने मद्य जपावे ती गोष्ट, म्हणजे कषायाचे भांडण संपून त्याचे बोलणे सुरू होणे, येथे निर्भेळ ऐकू येते. ते ऐकण्यासाठी पहिल्या पायरीवरचे मद्य घ्यावयाचे तर सामान्य माणसाने घर गहाण टाकले पाहिजे. येथे तो अनुभव एका शेतकऱ्याच्या तळघरात मिळतो. ज्यांच्याजवळ हे साल असेल त्यांनी आता थांबू नये.

तळघर तरी किती दिवस राहील, हा प्रश्न आहे. मद्य मुरत ठेवणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे. लहान मळ्याला ते कधीच परवडणारे नव्हते, आणि अलीकडे तर मुळीच परवडत नाही. फ्रान्सात तांबडे मद्य पिणे पिढीगणिक कमी होत आले आहे, चीनची मागणी ओसरली आहे. २०२३ साली जिरोंद जिल्ह्यात वेली उपटून टाकण्यासाठी अनुदान जाहीर झाले, हेक्टरी सहा हजार युरो, साडेनऊ हजार हेक्टरांपर्यंत. फ्रॉन्साककडे जाणाऱ्या रस्त्यावर उपटलेल्या वेलींचे ढीग बांधाला लावून ठेवलेले आम्ही पाहिले. मुळे वर, माती अजून चिकटलेली. मोठे मळे यातूनही तरतील. १८५५ च्या पायऱ्यांना अनुदानाची झळ लागत नाही.

या कुटुंबाने अद्याप वेली काढलेल्या नाहीत. आजोबांनी हिमानंतर लावलेला माथ्यावरचा तुकडा ठेवावयाचा आणि खालचा, नदीकडचा, द्यावयाचा, असा विचार घरात चालू आहे. मुलगा खालच्या तुकड्याच्या बाजूने आहे, कारण तेथे यंत्र चालते. १९९८ च्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण साडेबारा टक्के छापलेले आहे. उकाड्याच्या २०२२ सालातील त्याच माथ्यावरचे मद्य पिंपातून काढून त्यांनी आम्हांस दाखविले. ते साडेचौदाच्या वर गेले होते, रंग जांभळा होता आणि कषाय काजूच्या बोंडासारखा घसा धरीत होता. ते किती मुरेल ते त्यांनाही सांगता आले नाही. त्यातल्या तीनशे बाटल्या मात्र त्यांनी विक्रीतून वेगळ्या काढून खाली ठेवलेल्या आहेत, १९९८ च्या उरलेल्या एकोणीस बाटल्यांच्या शेजारी.